माणसाळलेलं कासव

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटीच्या कठड्याला अडकवलेली असते ना, बुडणाऱ्याकडे फेकायची, नारिंगी रंगाची? तीच मी. आता माझा रंग उडालाय, कडेला चीर गेली आहे. बेटावरच्या रिसॉर्टच्या सामानघरात, मास्क आणि पायांत घालायचे रबरी पंख वाळत घालतात त्या भिंतीवर, मी खिळ्याला लटकून असते.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आता आपण जीव वाचवणार. पण इथे कुणी बुडायलाच तयार नव्हतं! मग गाईडताईने मला दुसरं काम दिलं. पोहता न येणारे पाहुणे माझा दोर घट्ट धरायचे, तोंडात नळी घालून पाण्यात डोकं खुपसायचे आणि ताई मला पुढून ओढत न्यायची. खाली रंगीत मासे प्रवाळ कुरतडत असायचे, मधेच एखादं चपटं पाकट वाळू झटकून उठायचं. भित्री माणसंही बोटीवर चढताना मला शाबासकी देत थोपटायची. मी फुशारून जायचे.

पण सगळ्यांना हवं असायचं ते कासव. ते तळाशी गवत खात असे. वर यायला लागलं की ताई ओरडायची, "आलं बघा भेटायला! आमचं कासव अगदी माणसाळलेलं आहे. गोल करा, गोल!" मग मला मधे धरून सगळे त्याच्या डोक्यावर गोळा व्हायचे. कासव थबकायचं, खाली वळायचं, थोड्या वेळाने पुन्हा यायचं. "लाजतंय," ताई म्हणायची, आणि हशा पिकायचा.

एके सकाळी एक जावईबापू सासूबाईंना घेऊन आले. सासूबाईंना दमा, म्हणून त्यांनी नळी घेतली नाही. लाइफजॅकेट घालून, मला धरून, त्या नुसत्या वरून पाहत होत्या. कासव वर येऊ लागलं तसा गोल झाला. जावईबापूंनी कॅमेरा सरसावला. कासव वळलं, पुन्हा आलं, पुन्हा वळलं. मग ते थेट माझ्याखाली आलं आणि त्याचं डोकं मला खालून लागलं. त्या धडकेत जोर नव्हता.

"अरे, सरका सगळे!" सासूबाई ओरडल्या.

"घाबरू नका मावशी, माणसाळलेलं आहे ते," ताई हसली.

"माणसाळलेलं कसलं, घुसमटलंय ते! श्वास अडकतो म्हणजे काय, ते मला विचार!"

जावईबापूंनी तोंडातली नळी काढली. "आई, एकच फोटो."

"फोटो गेला खड्ड्यात!"

पोहता येत नसतानाही त्यांनी मला दोन्ही हातांनी दूर ढकललं. दोराला लटकलेली माणसं माझ्याबरोबर बाजूला गेली. मोकळ्या पाण्यात कासवाने डोकं वर काढलं, फुस्स करून श्वास सोडला आणि मोठा श्वास घेतला. नंतरही ते बराच वेळ तिथेच तरंगत राहिलं. पळायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

बोटीवर ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी, मी रोज त्याला अडवत होते. रोज."

"तुला कळलं नव्हतं, पोरी."

"मी कधी विचारच केला नाही," ताई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

आणि मी? तशा धडका मला आधीही बसल्या होत्या. मी त्यांना लाडाच्या ढुश्या समजत होते. ओढतील तिकडे मी जाणार हे खरं, पण शाबासकी घेताना माझी कॉलर ताठ होती, त्याची लाज अजून वाटते. जीव वाचवायला घडवलेली मी, कुणाच्या तरी श्वासावर झाकण होऊन बसले.

त्यानंतर ताईने 'माणसाळलेलं' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. कासव दिसलं की ती सगळ्यांना लांबच थांबवायची. पण आमच्या बोटीचा आवाज आला की ते आधीच दूर निघून जायचं. त्याचं काही चुकलं नाही.

मित्रांनो, समुद्रात खुशाल उतरा, डोळे भरून पाहा. फक्त कुणी तुमच्याकडे येताना दिसलं, तर टाळ्या पिटण्याआधी एवढं बघा: ते तुम्हाला भेटायला येतंय, की तुम्हीच त्याच्या वाटेत उभे आहात?