क्रमांक सदतीस : सभेची खोली

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पालिका ऑफिसच्या भिंतीवर यादी लागली. वस्तीतल्या एकशे बारा खोल्यांपैकी एकशे अकरा खोल्यांना त्याच जागेवर पक्की घरं मंजूर झाली होती. शिवणकाम करणाऱ्या मावशीची खोली, क्रमांक सदतीस, यादीत नव्हती.

क्लार्कने नकाशा उलगडून दाखवला. सदतीसवर लिहिलं होतं, ‘सभेची खोली’. घर माणसाला मिळतं, सभेला नाही, असं तो म्हणाला.

नकाशा पालिकेचा नव्हता. वस्ती हटवायची नोटीस आली तेव्हा लोकांनीच एका आर्किटेक्ट बाईंना गळ घातली होती. आठ रविवार टेप धरून त्यांनी खोली न् खोली मोजली. शेगडी कुठे, अंथरूण कुठे, सगळं काढलं. त्याच नकाशावर लोक जागेवर डोळा असलेल्या बिल्डरविरुद्ध कोर्टात जिंकले.

बाई यायच्या त्या रविवारी मावशीने मशीन, शेगडी, खाट शेजारी जावेकडे हलवली होती. पाहुणीला कागद पसरायला जागा हवी म्हणून. खाली सतरंजी, भोवती अर्धी वस्ती. खोली कुणाची, असं बाईंनी विचारलं. मावशी म्हणाली, आपल्या सगळ्यांचीच समजा.

“एवढं आवरायला सांगितलं होतं कुणी?” जाऊ म्हणाली. “आमच्याकडे बाईंना पाय ठेवायला जागा नव्हती. मिळालं ना घर?”

“घरी कुणी येणार म्हटल्यावर पसारा कोण ठेवतं गं?”

दुपारी बाई आल्या. चूक आपली आहे, असं लिहून त्यांनी अर्ज क्लार्कपुढे ठेवला. त्याने तो वाचला आणि अदबीने परत केला. घ्यायला हरकत नाही, म्हणाला, पण बिल्डरचा वकील टपून बसलाय. एक खोली चुकली तर उरलेल्या बरोबर कशावरून, असं तो उद्याच कोर्टात विचारेल.

हे तासाभरात वस्तीभर झालं. मावशीच्या दारात त्या दिवशी कुणी फिरकलं नाही. फक्त जाऊ आली. आमचं घर बांधून मिळालं की आमच्याकडेच राहा, म्हणाली, आणि मावशीकडे न बघता निघून गेली.

बाई मात्र उंबऱ्यावर बसून होत्या. “तुम्ही म्हणाल तर आत्ता अर्ज देते.”

“मागे विचारलंत तेव्हा मी चांगुलपणाने बोलले,” मावशी म्हणाली. “आता मला विचारू नका.”

यादीवर हरकत घ्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपते. गुरुवारी ऑफिस बंद झालं तेव्हा अर्ज बाईंच्या पिशवीतच होता.