वाटीभर घेवडा

नवा घेवडा खपवून बियाणेवाल्याला काय मिळणार होतं? स्कूटर. दोन वर्षांत चाळीस पोती विकली तर कंपनी नवीकोरी देणार होती. जुनी त्याच्याकडे होतीच, पण ती चालायची बायकोच्या जोरावर. रोज सकाळी हा ऐटीत वर बसायचा आणि ती मागून ढकलायची. गावाचं भलं वगैरे तो बोलायचा खरा. डोळा होता नव्या सीटवर.

गावाची किल्ली होती बघूकाकांकडे. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच: "बघू." आणि काका जे पेरत नाहीत ते गावात कोणी पेरत नसे. बियाणेवाल्याने रस्त्याकडेला नवा घेवडा लावला. शेंगांनी झाडं वाकली, तेव्हा काकांना बांधावर आणून उभं केलं.

"काका, जुन्याच्या दुप्पट उतारा. खोटं असेल तर नाव बदलीन."

"पीक झकास आहे हो."

"मग लिहू एक पोतं?"

"बघू."

मागे उभ्या गावाने मान डोलावली आणि घर गाठलं. चाळीस पोती बियाणेवाल्याच्या घरात ठाण मांडून बसली. एक तर थेट स्वयंपाकघराच्या दारात.

"अहो, हे हलवा. रोज ठेचकाळते मी."

"कुठे हलवू? डोक्यावर घेऊ?"

"नाहीतर शिजवते."

"शिजव! तेवढंच राहिलंय."

बियाण्याला औषध लावलेलं नव्हतं. तिने खरंच शिजवलं. जुना घेवडा चुलीवर चढला की बाईची दुपार गेलीच समजा. हा कणीक मळून होईतो मऊ. ती पायरीवर पाय पसरून बसली. भिंतीपलीकडून काकू, म्हणजे बघूकाकांची बायको, घाबरून ओरडली, "अगं, बरं नाही का तुला? या वेळेला बसलीस ती!"

"घेवडा झाला, काकू."

"थापा मारू नकोस."

"वाटी आणा."

वाटी आली. मग घरोघरच्या वाट्या आल्या. बियाणेवाल्याला वाटलं, खातायत बापड्या. पण बायका अर्धी वाटी शिजवत होत्या आणि अर्धी परसात टोचत होत्या. हंगाम गेले तशी वाटीची पाटी झाली, पाटीचं पोतं.

"यंदा हाच पेरायचा," काकूने नवऱ्याला सांगितलं.

"बघू."

"बघा की. जुना पेरलात तर तो शिजेपर्यंत चुलीपाशी बसून तुम्हीच बघा."

काकांनी पेरला. मग काय, गावाने पेरला.

बियाणेवाल्याने धावत येऊन काकांचं अंगण गाठलं. "काका, सगळं शिवार माझ्या घेवड्याचं, आणि दुकानात चिटपाखरू नाही! बियाणं आणलंत कुठून?"

"घरातलंच की."

"घरात कुठून आलं?"

"तुझ्या घरातून," काकू म्हणाली. "वाटीवाटीने. बायको मोठ्या मनाची आहे हो तुझी."

कंपनीचा साहेब आला, शिवार बघून हरखला आणि त्याने काकांबरोबर फोटो काढला. "मी पहिल्यापासून सांगत होतो," काका त्याला म्हणाले. मग साहेबाने विक्री विचारली. विक्री शून्य. एकोणचाळीस पोती परत गाडीत चढली; चाळिसावं उघडलेलं, ते बियाणेवाल्याच्या गळ्यात.

दुसऱ्या सकाळी तो स्कूटरपाशी गेला तर सीटवर बायको.

"तुम्हाला एका माणसाला पटवता आलं नाही. मी अख्खं गाव पेरलं. ढकला."

तर हिशेब असा: बायकांना दुपार मिळाली, काकांना मान, साहेबाला फोटो. भरलं एकट्या बियाणेवाल्याने. पोत्याचे पैसे एकरकमी. बाकीचं रोज सकाळी, चढावर, मागून.