मी नळ नाही

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधीच सांगून ठेवतो, शेवटी माझी कीव करायची नाही. जुनी छत्री, मोडकी खुर्ची, फुटकी पाटी या साऱ्या आपली कहाणी सांगून तुमच्या डोळ्यांना पाणी आणतात. मी जन्मभर पाणीच आणले आहे, आता आणखी आणायची हौस नाही. मला राग आलेला आहे आणि तो मी सांगणार आहे.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डरने जाड पत्रे वाकवून माझे पोट जोडले. वळणावर पाणी हिंदकळून मी कलंडू नये म्हणून त्याने आत आडवे पत्रे बसवले. मग मला ट्रकच्या पाठीवर चढवले, वरून हिरवा रंग दिला आणि दोन्ही दारांवर नगरपालिकेचे नाव घातले. काम संपल्यावर वेल्डरने माझ्या पोटावर थाप मारली. "तात्पुरता हवाय म्हणाले साहेब," तो आपल्या जोडीदाराला म्हणाला, "पण मी चांगला दणकट केलाय. यांचं तात्पुरतं म्हणजे काय असतं, ते मला ठाऊक आहे."

खरेच ठाऊक होते त्याला.

आमच्या गावाचा खालचा भाग सपाट आहे. तिथे पंपघर, बाजार, बाग आणि नगरपालिकेची कचेरी आहे. मागे एक टेकडी आहे आणि टेकडीवर वस्ती आहे. नळाची लाइन खालून निघाली, टेकडीच्या पायथ्याशी आली आणि तिथेच थांबली. वर चढवायला आणखी एक पंप आणि वर एक टाकी लागणार होती. ती होईपर्यंत मी जायचे, असे ठरले. पहिल्या दिवशी नगरपालिकेचे तेव्हाचे अध्यक्ष माझ्यासोबत वर आले. वस्तीने माझ्या बॉनेटला हार घातला. अध्यक्ष म्हणाले, "ही तात्पुरती सोय आहे. लाइन येतेच आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी जी बाळे आयांच्या कडेवर होती, त्यांच्या कडेवर आता बाळे आहेत.

माझा ड्रायव्हर मोठा मजेशीर माणूस. वर पोहोचला की त्याला कोणी तरी चहा आणून देई, कोणी खुर्ची मांडे. चहा थंड असला की तो तोंड फुगवून बसे. म्हणून वस्तीने त्याचे नाव जावई ठेवले. "जावईबापू आले गं!" अशी हाक उठली की घागरी, कॅन, बादल्या, पिंपे सगळे घेऊन लोक धावत. जावई माझा व्हॉल्व्ह उघडायचा आणि माझ्या नळीभोवती अशी गर्दी व्हायची की विचारू नका.

मी काही ठरल्या वेळी जात नसे. पंपघरात वीज असली तर मी भरणार, बाजारातल्या रस्त्यावर खोदकाम नसले तर निघणार, चढावर इंजिन तापले नाही तर पोहोचणार. वस्तीत एक शिवणकाम करणारी बाई राहते. तिला सगळे शिवणमावशी म्हणतात. खालच्या बाजारातल्या कपड्यांच्या दुकानाने तिला किती तरी वेळा बोलावले. हात असा सफाईदार की तिने शिवलेला शर्ट दुसऱ्याने उसवू नये. पण ती जाणार कशी? ती गेली आणि मागे मी आलो, तर घरात पाणी कोण भरणार? नवरा कामासाठी परगावी. सासूबाई एकदा माझ्या नळीजवळच्या चिखलात घसरून पडल्या, तेव्हापासून त्यांचे उजवे मनगट वाकडेच राहिले. म्हणून मावशी घरीच शिवायची. एक कान मशीनवर आणि एक कान माझ्या हॉर्नवर. दुकानातली जागा तिने हवीहवीशी वाटत असताना सोडली होती आणि हे ती कोणाला सांगत नसे. जावयाला मात्र माहीत होते.

लोक मला देवासारखा म्हणत. मला ते गोड लागे. पण हळूहळू दुसरेही काही ऐकू येऊ लागले.

मी उभा राहतो ते आवार नगरपालिकेच्या सभागृहाला लागून आहे. सभागृहाच्या खिडक्या माझ्याकडे उघडतात. दरवर्षी तिथे पुढच्या वर्षाचा आराखडा ठरतो. कोणता रस्ता रुंद करायचा, कुठे गटार बांधायचे, बागेत काय बसवायचे. टेकडीच्या लाइनचा विषय निघाला की कोणी तरी म्हणे, "तिथं टँकर जातो ना? मग एवढी काय घाई आहे?" आणि घोडे तिथेच अडे. एका वर्षी बागेत कारंजे आले. रंगीत दिवे लावलेले, माणसाच्या दुप्पट उंच उडणारे. पाणी वर चढवायचा पंप मिळत नाही म्हणणाऱ्यांना तो पंप बरोबर मिळाला! मित्रांनो, माझी पाणी भरायची जागा त्या बागेच्या कुंपणाला लागूनच आहे. मी भरत असताना ते कारंजे माझ्या नाकासमोर नाचत असे. मी वर जाण्याआधी बागेच्या हिरवळीलाही पाणी घालायचे, असा वर आणखी हुकूम. हिरवळ पिऊन झाली की मग माणसे.

यंदा आराखड्याचा मोठा नकाशा सभागृहात लावला. लोकांनी यावे, पाहावे आणि हरकती सांगाव्यात, असे जाहीर झाले. शिवणमावशी सासूबाईंना घेऊन आली. नकाशावर गावाचे सगळे भाग रंगवले होते. काही निळे, काही पांढरे.

"बाई, आमची टेकडी कुठली?" मावशीने विचारले.

पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरबाई तिथे उभ्या होत्या. नव्याच बदलून आलेल्या. त्यांनी बोट ठेवले. टेकडी निळी होती.

"निळा म्हणजे काय?"

"पाणी पोहोचतं तो भाग."

मावशी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिले. "अहो, आमच्याकडं नळ नाही," मावशी म्हणाली.

"टँकर जातो ना," इंजिनिअरबाई अवघडून म्हणाल्या. "टँकर जातो तिथं पाणी पोहोचलं, असं धरतात. नवी लाइन आधी पांढऱ्या भागांना मिळते. नियम मी केलेला नाही, पण तो तसा आहे. आठवड्यानं सभा आहे. नकाशा मंजूर झाला की पुढची बरीच वर्षं रंग बदलत नाही."

"म्हणजे हा येतो म्हणून आम्हाला नळ नाही?" सासूबाईंनी खिडकीतून वाकडे मनगट थेट माझ्याकडे रोखले.

मी तेव्हा रिकामा होतो. तरी पोट जड झाले. मी एवढी वर्षे चढ चढून ज्यांची तहान भागवत होतो, त्यांच्याच नळाच्या आड मला उभे केले होते! आणि मला न विचारता. मला संताप आला. हार घालून घेताना माझी मान ताठ झाली होती, त्याचा तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. जावयाने हॉर्न वाजवला. एकही घागर बाहेर आली नाही. रस्त्यात मावशी उभी होती आणि तिच्यामागे सगळी वस्ती.

"जावईबापू, आज उलट्या पावली जायचं," मावशी म्हणाली.

"अहो, पण भरून आणलाय."

"भरलेलाच न्यायचा. सभेपर्यंत रोज यायचं आणि रोज भरलेला परत न्यायचा. चहा मात्र घेऊन जा, त्यावर आमचं भांडण नाही."

जावई खाली उतरला. त्याला वाटले, चेष्टा आहे. मग त्याने मावशीचा चेहरा पाहिला. तिने शिवणाचा पांढरा खडू काढला आणि माझ्या हिरव्या पोटावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'मी नळ नाही'. मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर पुष्कळ काही लिहिले गेले होते. नगरपालिकेचे नाव, पाणी जपून वापरा, हॉर्न वाजवा. पण माझ्या मनातले असे कोणी प्रथमच लिहिले.

आम्ही तसेच बाजारातून खाली आलो. लोक थांबून वाचत होते. जावयाने त्या दिवशी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला.

बोलायला हे सोपे आहे. पाणी परत पाठवणे सोपे नाही. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या एका घरात तापाचा माणूस होता, दुसरीकडे लहान मूल रडत होते. "घेऊया का गं थोडं? फार ताणू नये," असे काही जण म्हणू लागले. जावयालाही राहवेना. त्याने हळूच एक बादली भरली आणि मावशीच्या ओट्यावर ठेवली. "घ्या आजी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ सुकलेले होते. "तुझी माया कळते रे बाबा. पण ही बादली घेतली की आम्ही परत निळे. ने ती."

जावयाने ती बादली पुन्हा माझ्यात ओतली. त्याचे डोळे भरले होते. त्याला मी हसणार नाही.

"पण पाणी तर लागेल," मावशी म्हणाली. "चला, घागरी उचला."

सगळी वस्ती टेकडी उतरून थेट बागेत गेली आणि कारंज्याभोवती रांग लावून पाणी भरू लागली. मी कुंपणापलीकडून पाहत होतो. फिरायला आलेली माणसे बाजूला झाली. बागेचा रखवालदार शिट्टी फुंकत धावला.

"ओ बाई! इथं पाणी भरायला मनाई आहे!"

"पाणी कोण भरतंय? नकाशात आमच्याकडं भरपूर पाणी आहे," मावशी म्हणाली. "आम्ही फिरायला आलोय."

"घागर घेऊन?"

"तिलाही हवा लागते कधी तरी."

रांगेत असा हशा पिकला की रखवालदारालाही हसू आवरेना. त्याने शिट्टी खिशात टाकली आणि सासूबाईंची घागर धरायला हात दिला. पुढचे सगळे दिवस बागेत हेच चालले. अध्यक्षांनी कारंजे बंद करायला सांगितले, तर बागेत येणारी मुले रडू लागली. ते पुन्हा सुरू करावे लागले.

सभेच्या दिवशी जावयाने मला काठोकाठ भरून सभागृहाच्या दारातच उभे केले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मला वळसा घालावा लागला.

"टँकर तर रोज जातो. हे लोक पाणी घेत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?" अध्यक्ष म्हणाले.

मावशी उभी राहिली. "शेजारणीनं वाटीभर पीठ उसनं दिलं, म्हणून माझ्या घरात धान्य आहे असं तुम्ही लिहाल का? पीठ देणारीला मी नावं ठेवत नाही. पण आमचा डबा रिकामा आहे, तो रिकामाच दाखवा. मला खाली नोकरी करायची आहे. माझी सासू या वयात रांगेत उभी राहायला नको. एवढंच मागतेय."

सभागृहात कुजबुज झाली. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "नियमात 'पाणी पोहोचतं' असं आहे. आठवडाभर टँकर भरलेला परत आलाय. पाणी पोहोचलेलं नाही. मला टेकडी निळी ठेवता येणार नाही." त्यांनी पांढरा कागद घेतला आणि टेकडीवर चिकटवला. अध्यक्षांनी सभागृहाकडे पाहिले. बाजारातले, बागेतले लोकही त्यात होते. एकानेही हरकत घेतली नाही.

पंप बसला, वर टाकी झाली, लाइन चढली. वेळ लागलाच, पण झाली. पहिले पाणी आले त्या दिवशी खबरदारी म्हणून मलाही वर नेऊन उभे केले होते. माझ्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे आणि तोंडे नळाकडे. सासूबाईंनी वाकड्या हाताने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस. आता मावशी बाजारातल्या दुकानात जाते आणि दोन्ही कान मशीनवर ठेवते.

मग अध्यक्षांना एक कल्पना सुचली. मला नवा रंग द्यायचा, बागेत चौथऱ्यावर बसवायचे आणि खाली पाटी लावायची, 'वस्तीची तहान भागवणारा सेवक'. मी मनात म्हटले, खबरदार! मी सेवेची खूण नाही, उशिराची खूण आहे. पाटी लावायचीच असेल तर तसे लिहा.

चौथरा बांधायच्या आतच टेकडीच्या पलीकडे नवी वस्ती झाली. तिथल्या लोकांनी पाणी मागितले. "टँकर पाठवा, मिटलं," अध्यक्ष म्हणाले. "तात्पुरतं."

काल मी तिथे गेलो. तहानलेल्याला पाणी नाही म्हणण्याइतका मी कोडगा नाही. पण केबिनमध्ये जावयाच्या शेजारी मावशी बसली होती, दुकानातून सुट्टी काढून. लोक हार घेऊन आले. तिने तो हातानेच अडवला.

"पाणी घ्या, पोटभर घ्या," ती म्हणाली. "पण याला हार घालू नका. उद्या माझ्याबरोबर सभागृहात चला. नकाशावर तुमचा रंग निळा होत असेल, तर याला परत पाठवायची तयारी ठेवा."

एका तरुण बाईने घाबरून विचारले, "मग आम्ही प्यायचं काय?"

"बागेत कारंजं आहे," मावशी म्हणाली. "रस्ता मी दाखवते."

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. निगा राखायची ती जमिनीखालच्या त्या लाइनची. ती कुणाला दिसत नाही, तिला कोणी हार घालत नाही. आणि तुमच्या दारी मी दुसऱ्या वर्षीही आलो, तर पाणी घ्या, ड्रायव्हरला चहा द्या आणि नगरपालिकेत जाऊन विचारा की हा यायचा कधी थांबणार. लाज बाळगू नका. मला रिकामटेकडा करा.