महादेवप्पाच्या गाडीचं स्टेरिंग

इसूफने स्टेरिंगच्या मधोमध बसवलेलं हॉर्नचं बटण उचकटलं आणि खालची वायर अलगद ओढून काढली. चेपलेल्या टॅक्सीच्या पलीकडे शरणम्मा उभी होती. ती त्याच्या हातांकडे पाहत होती.

तिच्या नवऱ्याला, महादेवप्पाला, जाऊन सतरा दिवस झाले होते. अक्कलकोटच्या रस्त्यावर भर दुपारी त्याची टॅक्सी सरळ जाऊन लिंबाच्या झाडावर आदळली. तो गेला आणि मागे बसलेली शेजारीण बजाबाईही गेली. चालवता चालवता डोळा लागला, असं सगळे म्हणाले. पिऊन होता, असंही काहींनी म्हटलं. टॅक्सीच्या मालकाने मोडलेली गाडी नेहमीप्रमाणे होटगी रस्त्यावर इसूफच्या गॅरेजात आणून टाकली. आज सकाळच्या एसटीने शरणम्मा एकटीच आली आणि म्हणाली,

“इसूफभाई, माज्यासमोर गाडी उघडा. काय झालं त्ये मला बघायचं हाय.”

बघायचं ते खाली, पुढच्या चाकांजवळ होतं. इसूफने सुरुवात वरून केली.

“हातातलं चाक ह्या दांड्यावर बसतं, वहिनी. दांड्याला दाते हायेत, म्हणून घसरत न्हाई. दांडा ह्या नळीतून खाली जातो.”

“मोडलाय का?”

“न्हाई. दाते शाबूत हायेत.”

नळीच्या तळाशी स्टेरिंगची पेटी होती. त्याने तिचं झाकण काढलं, आतलं काळं तेल बोटाने पुसलं. आटे जसेच्या तसे होते.

“वर हातातलं चाक गोल फिरतं. पेटीतून बाहेर हा लोखंडी हात निघतो, तो मागंपुढं हलतो. हाताला दांडी, दांडीला पुढची चाकं.”

“मग पेटी चांगली हाय?”

“हाय.”

शरणम्मा शेजारच्या जुन्या टायरवर बसली.

“म्हंजे मानूसच झोपला,” ती म्हणाली. “सासरा सतरा दिस उंबऱ्याभाईर पडला न्हाई. शेजारच्यांना तोंड कसं दावू, म्हनतो.”

इसूफने पोतं अंथरलं आणि तो गाडीखाली सरकला. त्या लोखंडी हाताला दांडी जोडणारा सांधा महिन्यापूर्वी त्यानेच नवा बसवला होता. शुक्रवार होता, अजान झाली होती. नट आवळल्याचं त्याला आठवत होतं. नट फिरू नये म्हणून त्यातून एक पिन घालून दुमडतात, ती घातल्याचं मात्र काही केल्या आठवत नव्हतं.

दांडी सुटून लोंबत होती. नट नव्हता. बोल्टच्या भोकात ग्रीस बसलं होतं. पिन तुटली असती तर तिचा तुकडा आत राहिला असता. त्याने खिळा घालून पाहिला. ग्रीसची एक वात तेवढी बाहेर आली.

तो तसाच पडून राहिला. तिथून त्याला शरणम्माचे भेगाळलेले पाय दिसत होते. पेटी चांगली आहे, हे त्याने सांगून टाकलंच होतं. एवढ्यावर ती उठली असती आणि स्टँडवर गेली असती.

तो बाहेर आला, पण पोत्यावरच बसून राहिला.

“वहिनी, खाली एक पिन लागती. ती न्हाई. तुटली न्हाई, घातलीच न्हवती. काम माझं होतं. नट सुटला, दांडी पडली. वर त्यानं हातातलं चाक फिरवलं असंल, पण खालच्या चाकांपर्यंत काय पोचलंच नसंल.”

इसूफने मान खाली घातली. आता ती जे करील ते तो सोसणार होता.

“म्हंजे ते जागे होते?” शरणम्माने विचारलं.

“जागा होता.”

“प्यालेले न्हवते?”

“गाडीवर असताना त्यो कदी प्याला न्हाई, वहिनी.”

तिने एकदा डोळे मिटले. मग ती उठली.

“चला. सासऱ्याला सांगा. मी सांगून पटायचं न्हाई.”

तिच्या गावी, अक्कलकोटपर्यंत, दोघं एसटीत पुढच्या मागच्या बाकांवर बसून गेली. लिंबाचं झाड मागे पडलं तेव्हा दोघांपैकी कोणीच बाहेर पाहिलं नाही.

सासरा सिद्धलिंगप्पा घरात भिंतीला टेकून बसला होता. इसूफने उभ्यानेच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. म्हाताऱ्याने त्याला पिनेबद्दल पुन्हा विचारलं. इसूफने पुन्हा सांगितलं. म्हातारा भिंतीला धरून उठला आणि त्याने चपला पायात घातल्या.

“बा,” तो कन्नडमध्ये म्हणाला. इसूफला कळलं नसेल असं वाटून त्याने मराठीत म्हटलं, “चल. बजाबाईचा लेक घरी हाय. तितं बी सांग.”

शेजारचं दार दहा पावलांवर होतं. म्हातारा उंबरा ओलांडून पुढे झाला. इसूफ त्याच्या मागे चालू लागला.