तापवून ठेवलेली गाडी

माणूस भेटल्याबरोबर त्याला वय विचारू नये, एवढी रीत आमच्या यॉर्कशरमध्ये सगळे पाळतात. गाडीला मात्र ही सवलत नाही. मला पाहिलं की लोक काचेतून आत डोकावतात आणि पहिला प्रश्न करतात, "किती पळालीय?" पळालेय पुष्कळ. लपवायचं काय त्यात? मित्रांनो, गडद निळा रंग, लांब नाक, चार दारं, आत बदामी कातड्याच्या बैठका आणि समोर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, अशी मी एक जुनी साहेबी गाडी आहे.

माझ्या जातीच्या गाड्या त्या काळी कुणी हौसेने घेत नसे. त्या हुद्द्याबरोबर मिळायच्या. हॅलिफॅक्सच्या एका लोकरीच्या गिरणीत नॉर्मन हेपवर्थ विक्रीचे मुख्य झाले आणि त्या बढतीबरोबर मी त्यांच्या दारात आले. माझ्या डिकीत कापडाचे नमुने असत. पावसाळी दिवसांत त्या लोकरीचा ओलसर, मेंढरासारखा वास माझ्या अंगात भरून राही. आम्ही दोघांनी डोंगरमाथ्यावरचे ते वाऱ्याचे रस्ते इतक्यांदा पार केले की पुढे कुठलं वळण आहे ते चाकांना आधी कळायचं. नॉर्मन निवृत्त झाले तेव्हा गिरणीने त्यांना घड्याळ देऊ केलं. ते म्हणाले, "वेळ बघायची गरज आता संपली. गाडी तेवढी मला विकत द्या."

दर रविवारी ते मला धुवायचे आणि मऊ कातड्याने पुसायचे. त्यांची बायको ऑड्री खिडकीतून बघत असायची.

"माझ्या पाठीवरून कधी इतका हात फिरवला नाहीस," ती म्हणायची.

"तू कधी चिखलात गेली नाहीस," नॉर्मन म्हणायचे.

"तुझ्या आईकडे गेले होते की."

ते दिवस आठवले की अजून इंजिनात कुठेतरी ऊब येते. मग नॉर्मनच्या डोळ्यांना काहीतरी झालं. रस्त्यावरची पांढरी रेघ त्यांना मधेच वाकडी दिसू लागली, समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी धुरकट डाग दिसू लागला. डॉक्टरांनी काय ते सांगितलं. नॉर्मननी वाद घातला नाही. गाडी चालवायचा परवाना परत करायला पाकिटात घालून स्वतःच टपालात टाकून आले. मला गॅरेजमध्ये उभं केलं. कधीकधी दुपारी ते दार उघडून आत येत, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून नुसते बसत. इंजिन बंदच असे. मला वाटायचं, अहो, किल्ली फिरवा ना एकदा, गल्लीच्या टोकापर्यंत तरी जाऊ. उभ्या गाडीचं तेल खाली बसतं, रबर आखडतं. आणि मनाचं काय होतं ते कुठल्याच माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं.

शेवटी ऑड्रीने जाहिरात दिली. "तिला रस्ता हवाय," ती म्हणाली, "आणि तुला ती सुखात हवीय. दोन्ही गॅरेजमध्ये होत नाही."

जाहिरात वाचून गेनॉर क्लेग नावाच्या बाईंचा फोन आला. दरीच्या वरच्या अंगाला एका गावात त्या आईसोबत राहत. आईला, एडनाबाईंना, एक दिवसाआड डायलिसिससाठी हॉस्पिटलात न्यावं लागे. घरची छोटी गाडी वाटेत बंद पडायची, आणि आता हॉस्पिटलवाले म्हणत होते की जवळच्या वृद्धाश्रमात खोली घ्या. एडनाबाईंना घर सोडायचं नव्हतं. भरवशाची गाडी मिळाली तर घर राहणार होतं, नाहीतर नाही. फोन ठेवल्यावर नॉर्मननी हे सगळं मला गॅरेजमध्ये येऊन सांगितलं, जणू मुलीला स्थळ सांगताहेत. माझा जीव तेव्हाच त्या न पाहिलेल्या बाईवर जडला. एक दिवसाआड रस्ता, आणि मागच्या सीटवर जपून न्यायचं माणूस. जुन्या गाडीला आणखी काय हवं?

त्या पहायला येणार होत्या त्या सकाळी कडक हिव पडलं होतं. नॉर्मननी मला लवकर बाहेर काढलं, इंजिन सुरू केलं, हीटर लावला, मागची सीट हाताने चाचपून बघितली. मग इंजिन बंद करून ते फाटकाशी जाऊन उभे राहिले.

गेनॉर आल्या, बरोबर त्यांचा मेहुणा क्लाइव्ह. क्लाइव्हने 'वापरलेली गाडी निर्धास्तपणे कशी घ्यावी' या विषयावर जे जे वाचायला मिळतं ते सगळं वाचलेलं होतं. त्याने चाकांना लाथा मारल्या, दारांच्या फटी पाहिल्या, गुडघ्यावर बसून खालून मला असं न्याहाळलं की कुणा सभ्य गाडीने लाजावं. नॉर्मन फळांचा केक आणि चीज आणायला आत गेले, तेवढ्यात त्याने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. आणि त्याचं तोंड पडलं.

"गरम आहे," तो हळूच म्हणाला.

"मग?" गेनॉर म्हणाल्या.

"मग काय? आधीच तापवून ठेवलीय. गार इंजिन सुरू करताना जे खडखडतं ते आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. ही सगळ्यात जुनी लबाडी."

"विचारते त्यांना."

"काय विचारणार? त्यांचा केक खात खात विचारणार, आजोबा, आम्हाला फसवताय का म्हणून?"

नॉर्मन ताटली घेऊन आले. गेनॉरनी केकची तारीफ केली, चीजची केली, माझीही केली. मला एका फेरीवर नेऊन आणलं, पण त्यांचे हात चाकावर टेकलेच नाहीत, नुसते धरलेले होते. जाताना म्हणाल्या, "अगदी छान आहे. विचार करून कळवते."

त्यांची गाडी वळली तरी नॉर्मन हसत उभे होते. "घेणार ती."

"नॉर्मन," ऑड्री म्हणाली, "'छान आहे, विचार करते' याचा अर्थ नको असा होतो."

"इकडचीच बाई आहे. नको असतं तर नको म्हणाली असती."

पुढच्या आठवड्यात एक दलाल आला आणि लगेच न्यायला तयार झाला. नॉर्मन म्हणाले, "शब्द गेलाय." शब्द कुणी दिलाच नव्हता, मित्रांनो. एकाने सभ्यपणापोटी विचारलं नाही, दुसऱ्याने सभ्यपणापोटी ते खरं मानलं, आणि मी मधल्या मधे गॅरेजात. फाटक वाजलं की वाटायचं, आल्या. पण पोस्टमन असायचा.

एका गोठलेल्या दुपारी मात्र फाटक उघडं ते बराच वेळ उघडंच राहिलं. काठी टेकत, गेनॉरच्या दंडाला धरून एक बारीकशी म्हातारी आत येत होती.

"मी हिची आई, एडना," ती म्हणाली. "दुसरीकडे दोन गाड्या बघितल्या. एकीत बसले तर उठता येईना, दुसरीत बसताच येईना. क्लाइव्हला घरी ठेवून आलेय, तो फार वाचतो. तर हेपवर्थ, सरळ सांगा. तुम्ही त्या दिवशी गाडी आधीच का तापवून ठेवली होती?"

गेनॉरनी खाली मान घातली. नॉर्मनना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तुमच्यासाठी," ते म्हणाले. "फोनवर गेनॉर म्हणाल्या होत्या की गार जागी बसलं की आईची कंबर धरते. मला वाटलं, तुम्हीही याल."

मग एडनाबाई मुलीला म्हणाल्या, "ऐकलंस? आणि तुम्ही दोघं यांचा केक खाऊन आलात."

"आता गार आहे," नॉर्मन म्हणाले. "आता ऐका. पण आधीच सांगतो, सुरुवातीला टिकटिक करते. थोडा वेळ. मग थांबते. गेली काही वर्षं आहे ती, मी लपवत नाही."

गेनॉर आत बसल्या. खरं सांगते, मी घाबरले होते. एवढे दिवस उभी, अंगात हिव भरलेलं. किल्ली फिरली. एकदा घरघरले, विझले. एडनाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून वाट बघत होत्या. दुसऱ्यांदा फिरली आणि मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. सुरू झाले. टिकटिक केली, अगदी नॉर्मन म्हणाले तशी, आणि मग ती विरत विरत थांबली.

"माझे गुडघे याहून वाईट वाजतात," एडनाबाई म्हणाल्या आणि मागचं दार उघडून बसल्याही. सीट जरा चाचपली. "इथून मला कुणी उठवू नका."

या वेळी गेनॉरचे हात चाकावर टेकले.

निघायच्या दिवशी गेनॉर म्हणाल्या, "चला ना, शेवटची एक चक्कर मारू." नॉर्मन म्हणाले, "नको. डाव्या बाजूला बसायची सवय नाही मला." त्यांनी माझ्या टपावर हात ठेवला. "चढाला घाई करू नका. चढते ती, पण तिच्या चालीने चढू द्या." मग ऑड्रीने त्यांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं आणि स्वतः डोळे पुसायला आत गेली.

आम्ही फाटकाबाहेर पडून उजवीकडे वळलो, दरीच्या वरच्या अंगाला. नॉर्मन आणि मी मात्र जन्मभर डावीकडे वळलो होतो, हॅलिफॅक्सकडे, गिरणीकडे. माझ्या आरशात ते दिसत होते. फाटकाशी ताठ उभे राहून, हात उंच करून, ते डावीकडच्या रिकाम्या रस्त्याला निरोप देत होते.

एडनाबाईंनी मागे वळून पाहिलं. "गेनॉर," त्या म्हणाल्या, "हॉर्न वाजव."

मी एवढा मोठा आवाज कधी काढला नव्हता. नॉर्मननी चमकून मान वळवली, आणि हात तसाच उंच ठेवून हळूहळू आमच्याकडे वळले.

मित्रांनो, जुनी वस्तू घ्याल तेव्हा खुशाल पारखून घ्या. शंका आली तर तोंडाने विचारा; मनात ठेवलेली शंका दोन्ही घरं गार करते. घेतलीत की वापरा, नुसती उभी करू नका. आणि घेऊन निघताना एकदा मागे बघून आवाज द्या. कुणीतरी फाटकाशी उभं असतं, आणि आपण कुठल्या बाजूला गेलो ते त्याला दिसलेलं नसतं.