आधाराचा नंबर

‘आईंचा नंबर काढ’ असं बाईंनी सांगून आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस लेकीने दुसरीच कामं उकरून काढली होती.

बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची ही संस्था. सकाळी उठल्यावर प्रत्येकाने मोबाइलवरच्या अ‍ॅपमधलं एक बटण दाबायचं: मी उठलो. साडेआठपर्यंत दाबलं नाही, तर घरच्यांना फोन जातो. आणि ज्यांचं मागेपुढे कोणीच नाही, त्यांच्यासाठी एक आधाराचा नंबर. अ‍ॅप लेकीनेच बांधलेलं. तेव्हा आधाराला दुसरं कोण आठवणार? आईचा नंबर तिने थेट कोडातच लिहून टाकला होता.

आईने मग त्याचा नेमच धरला. साडेआठला आंघोळ उरकून, वेणी घालून फोनपाशी बसायचं. सगळे उठले असं कळल्याशिवाय घास घ्यायचा नाही. कोणासाठी फोन आला नाही तर हात जोडायचे. आला, तर एकेकाला फोन करून उठवायचं: कधी शिंपीकाका, कधी मास्तर.

पण अलीकडे आई विसरू लागली होती. गॅसवरचं दूध, किल्ल्या, कधी कधी वारही. गेल्या महिन्यात शिंपीकाकांसाठी फोन आला, आईने घेतला, ‘बघते हं’ म्हणाली आणि झाडांना पाणी घालायला गेली. काका तापाने फणफणत दुपारपर्यंत पडून होते.

“देवाने वाचवलं,” बाई म्हणाल्या होत्या. “दर वेळी त्यालाच कामाला लावायचं का? तुझा नंबर घाल.”

अ‍ॅप नव्या मशीनवर न्यायचंच होतं. आता अशा गोष्टी कोडात ठेवायच्या नाहीत, मशीनच्या एनव्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे अ‍ॅपबाहेरच्या नोंदींत ठेवायच्या, असं ठरलं. अ‍ॅप सुरू होताना एक प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेला छोटा प्रोग्राम, त्या वाचतं आणि अ‍ॅपच्या हाती देतं. म्हणजे नंबर बदलायचा तर सदरा उसवायला नको, खिशातली चिठ्ठी बदलली की झालं.

बुधवारी संध्याकाळी लेक त्या चिठ्ठीपाशी येऊन थांबली. आपला नंबर लिहिला. बोट पुढे जाईना. आठ वर्षांचा नेम असा एका ओळीत पुसायचा? तिने स्वल्पविराम दिला आणि मागे आईचाही लिहिला. बाईंना सांगू सावकाश. अ‍ॅप सुरू झालं, सगळं ठीक असल्याचं हिरवं चिन्ह दिसलं.

एरवी ती चाचणीचा फोन लावल्याशिवाय उठत नसे. आज नाही लावला. आईचा फोन वाजला असता, आईने विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं.

सकाळी आई वेणी घालून बसली. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले.

“मास्तरांसाठी फोन नाही आला गं.”

“म्हणजे उठले असतील वेळेवर,” लेक चहा गाळत म्हणाली.

“मास्तर? गुरुवारी?” आई हसलीच. “बुधवारी पत्त्यांचा अड्डा जमतो त्यांचा. गुरुवारी साडेआठनंतर मी फोनवर हाक मारल्याशिवाय तो मनुष्य कूस बदलत नाही. बघ ना जरा तुझ्या त्या डब्यात.”

लेकीने आईचं मन राखायला लॅपटॉप उघडला. मास्तरांनी बटण दाबलेलं नव्हतं. अ‍ॅपने फोनही केला होता, पण भलत्याच लांबलचक नंबरावर. ही यादी आहे, दोन वेगळे नंबर आहेत, असं प्लगइनला सांगायचं ती विसरली होती. त्याने दोन्ही जोडून एकच नंबर केला होता. असा नंबर जगात कोणाचाच नव्हता.

“आई, चुकलं माझं. फोन कोणालाच गेला नाही.”

आईने ऐकलं की नाही कोण जाणे. ती मास्तरांचा नंबर लावत होती; वहीत न बघता, बोटांनीच. रिंग वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. मग तिने त्यांच्या खालच्या सायकलवाल्याला लावला, तोही तोंडपाठ.

“दादा, हातातलं काम टाका आणि वर जा. किल्ली कुंडीखाली आहे. हो, आत्ता. फोन चालूच ठेवा.”

लेक ऐकत उभी राहिली. जिन्यावरची पावलं, कुलूप, मग सायकलवाल्याचा आवाज: “अहो मास्तर! आजी, न्हाणीघरात पडलेत. शुद्धीवर आहेत. पाय सुजलाय.”

“त्यांच्या कानाला लावा फोन.”

“वहिनी,” मास्तरांचा आवाज बारीक झाला होता, “आज उशीर केलात.”

“तुम्ही पत्ते कमी पिसा, मी लवकर येते,” आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. “हलू नका. डॉक्टर पाठवते.”

डॉक्टर तपासून गेले. हाड शाबूत होतं. मग लेकीने बाईंना फोन करून काही हातचं न राखता सांगितलं: नंबर काढला नाही हे, यादीचं सांगायचं राहिलं हे, आणि चाचणी का केली नाही हेही.

“तुला बोलणारच होते मी,” बाई म्हणाल्या. “पण आज जो फोन वाजलाच नाही, तो त्यांना ऐकू आला. आईंचा राहू दे. एकटा मात्र नको.”

“आधी तिचा. पाच मिनिटांत तिने ‘पाहिलं’चं बटण दाबलं नाही तर माझा.”

“आणि चाचणी?”

“आत्ताच करते. तिच्यासमोर.”

तिने आईला शेजारी बसवून सगळं सांगितलं, शिंपीकाकांचंही. आईचा चेहरा उतरला.

“ते काका... माझ्यामुळे?”

“म्हणून मी पाठीशी राहते आहे. तुझ्या जागी नाही.”

आईने तिच्या हातावर हात ठेवला. “राहा बाई. दोघी असू.”

लेकीने आईचा नंबर आधी घेतला, पाच मिनिटांची अट घातली, प्लगइनला यादीचं नीट सांगितलं, अ‍ॅप पुन्हा सुरू केलं आणि चाचणी लावली. आईचा फोन वाजला.

“कोण उठलं नाही?”

“कोणी नाही गं, मीच तपासतेय.”

“तू उठलीस ना? मग झालं,” म्हणत आईने फोन ठेवला आणि झाडांकडे गेली. बटण दाबायचं राहिलंच.

लेक घड्याळाकडे बघत बसली. बरोबर पाच मिनिटांनी तिचा फोन वाजू लागला.

“घे गं,” आई बाहेरून म्हणाली, “कोणीतरी वाट बघत असेल.”

“घेते, आई.”