काचेतली राणी

वडिलांच्या कळसूत्री बाहुल्या भावाने न विचारता राष्ट्रीय कला केंद्राला देऊन टाकल्या, तेव्हापासून ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो त्याच केंद्रात संग्रहाचा अधिकारी. ती अजूनही बाहुल्यांचे खेळ करायची, पण स्वतः कोरलेल्या नव्या बाहुल्यांवर. केंद्राच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला तिला खेळाचं बोलावणं आलं. ती गेली ती भांडायच्या तयारीनेच.

काचेच्या कपाटात वडिलांची राणी उभी होती, शेजारी भाऊ.

"आज ती मला नाचवायची आहे," ताई म्हणाली.

"जमणार नाही. खांद्याचं लाकूड आतून पोखरलंय."

"थापा मारू नकोस. बाबांनी जन्मभर नाचवली तिला."

"म्हणूनच. उद्याच्या लोकांना ती बघायला मिळावी, यासाठी तर हे केंद्र आहे."

"फक्त बघायला."

"मोडली तर तेही नाही."

ताई तरातरा पडद्यामागे निघून गेली. लहानपणापासून याला वस्तू कुलपात घालायची खोड, बाकी सगळी सबब, असं तिच्या मनाने घेतलं.

खेळ रंगात आला असताना ती बाहेर आली आणि भर सभेत तिने केंद्राच्या अध्यक्षांकडे राणी मागितली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांना नाही म्हणवेना. भावाने दात-ओठ खात कपाट उघडलं.

पहिल्याच गिरकीला राणीचा हात खांद्यातून निखळून मंचावर पडला. लोक खो खो हसले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. ताईने राणीला लढाईत जखमी झालेली दाखवून खेळ कसाबसा तडीस नेला.

नंतर भाऊ गुडघ्यांवर बसून राणीच्या खांद्यातून सांडलेला लाकडाचा भुसा कागदात गोळा करत होता.

"झालं समाधान?"

"मी जोडते तो हात."

"शिवू नकोस तिला."

"तुझ्या कपाटानेच वाट लावली तिची."

भुसा जुना, पार वाळलेला होता; कीड कपाटाच्याही आधीची होती. ते तिलाही दिसत होतं. पण भावापुढे माघार घेणं तिच्या रक्तातच नव्हतं.

केंद्राने तिला पुन्हा बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मी गेले नसते, असं ती भेटेल त्याला सांगते. बहीण-भावाचं बोलणं आता आईमार्फत चालतं. आई दोन्हीकडचे निम्मे शब्द गिळून टाकते, तरी उरलेले भांडणाला पुरतात.